सूत्रकार रामानुजन

आपल्या शास्त्रपरंपरेत सूत्र आणि उपपत्ती ही ज्ञानाची दोन अंगे मानलेली आहेत. सूत्रकार थोडक्या अक्षरांत सिद्धांत सांगून पुढे जातो. तो सिद्धांत खरा का आणि कसा, हे उलगडून दाखविण्याचे कार्य भाष्यकार व टीकाकार करतात. गणितातही हीच रीत चालत आली. भास्कराचार्यांनी लीलावतीत गणिताच्या रीती सांगितल्या. त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी बुद्धिविलासिनी ही टीका लिहून त्या रीतींच्या उपपत्ती विशद केल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण भारतात असाच एक सूत्रकार जन्मास आला. त्याला आयुष्य लाभले अवघे ३२ वर्षांचे. परंतु त्याच्या सूत्रांवरील भाष्य शंभर वर्षे लोटली तरी संपलेले नाही. तो सूत्रकार म्हणजे श्रीनिवास रामानुजन.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे आजोळी झाला. घराणे श्रीवैष्णव अय्यंगारांचे, वास्तव्य कावेरीकाठच्या कुंभकोणम् क्षेत्री. वडील एका कापडाच्या दुकानात कारकून होते. आई कोमलतम्माळ मंदिरात भजने गात असे, आणि घरी विद्यार्थ्यांना जेवूखाऊ घालून संसाराला हातभार लावीत असे. नामक्कल येथील नृसिंहाची सहचारिणी नामगिरी ही घराण्याची देवता. बालवयात रामानुजनांना देवी आल्या होत्या, त्यातून ते बचावले. पाठची काही भावंडे मात्र तान्हेपणीच गेली. अशा घरात गरिबी होती, सोवळेओवळे होते आणि देवतेवरील निष्ठाही होती. त्या निष्ठेने रामानुजनांना जन्मभर सोडले नाही.

शाळेत त्यांची बुद्धी लवकरच दिसून आली. १९०३ साली, सोळाव्या वर्षाच्या सुमारास, कार नावाच्या एका इंग्रज शिक्षकाचा गणितग्रंथ त्यांच्या हाती पडला. परीक्षार्थींसाठी रचलेल्या त्या ग्रंथात सुमारे ५,००० सिद्धांत ओळीने मांडलेले होते. उपपत्ती एक तर नाहीच, किंवा असली तर दोन ओळींची. विद्वानांच्या दृष्टीने तो ग्रंथ सामान्यच होता. पण या मुलाने प्रत्येक सिद्धांत आपला आपण सिद्ध करण्याचा छंद घेतला आणि त्या वाटेने तो ग्रंथाच्या पलीकडे कधी गेला, हे त्याचे त्यालाही कळले नाही. याच ग्रंथाने त्यांच्या लेखनाची रीतही ठरविली. कागद महाग असल्याने सारे गणित पाटीवर चाले. आकडे मांडावयाचे, कोपराने पुसावयाचे, पुन्हा मांडावयाचे. आणि शेवटी जे हाती येई तेवढेच वहीत उतरावयाचे. पाटीवरील वाट पुसली जाई. वहीत फक्त मुक्काम उरे. त्या वह्यांना पुढे जगभर जे महत्त्व आले आणि त्या समजून घेण्यास जे कष्ट पडले, त्या दोहोंचे मूळ या कोपराने पुसलेल्या पाटीत आहे.

गणिताच्या या ध्यासाने लौकिक शिक्षणाचा मात्र घात केला. १९०४ साली शाळेतून गणिताचे पारितोषिक व कुंभकोणम् येथील सरकारी महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळवून ते बाहेर पडले. पण गणितावाचून दुसरा विषय त्यांना दिसेनासा झाला. इंग्रजीत ते अनुत्तीर्ण झाले, शिष्यवृत्ती गेली, आणि त्या लज्जेपायी १९०५ मध्ये घर सोडून ते विशाखापट्टणमला निघून गेले. पुढे मद्रासच्या पच्चैयप्पा महाविद्यालयात त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. तेथेही यश आले नाही. पदवी नाही, नोकरी नाही, प्रकृती बरी नाही, अशी ती वर्षे गेली. १९०९ साली दहा वर्षांच्या जानकीशी त्यांचा विवाह झाला, आणि मग चरितार्थाचा विचार टाळणे अशक्य झाले.

तेव्हा रामानुजन आपल्या वह्या काखेत घेऊन मोठ्या लोकांची दारे ठोठावू लागले. १९१० मध्ये ते तिरुक्कोयिलूर येथे उपजिल्हाधिकारी असलेल्या व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेले. याच गृहस्थांनी १९०७ साली भारतीय गणितपरिषदेची स्थापना केली होती. त्या परिषदेचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते आणि त्याची व्यवस्था रँग्लर परांजपे पाहत असत. रामानुजनांनी कचेरीत एखादी कारकुनी मागितली. वह्या चाळल्यावर अय्यरांना वाटले की असल्या बुद्धीला महसूलखात्याच्या तळच्या पायरीवर बसविणे हे पाप ठरेल. त्यांनी नोकरी दिली नाही, शिफारसपत्रे दिली. त्या पत्रांच्या आधारे पुढे नेल्लोरचे जिल्हाधिकारी रामचंद्र राव यांची भेट झाली, आणि त्यांनी काही काळ दरमहा २५ रुपये स्वतःच्या खिशातून दिले. १९११ साली परिषदेच्या नियतकालिकात रामानुजनांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. १९१२ च्या मार्चमध्ये ते मद्रास बंदराच्या कचेरीत ३० रुपयांवर हिशेबाचे कारकून झाले. तेथील वरिष्ठ नारायण अय्यर स्वतः गणिताचे जाणकार होते. रात्री दोघे आपापल्या पाट्या घेऊन बसत.

वह्यांतील गणिताचे मोल ठरवू शकेल असा मनुष्य मद्रासेत कोणी नव्हता. म्हणून रामानुजनांनी केंब्रिजच्या पंडितांना पत्रे लिहिली. दोघांकडून काही निष्पन्न झाले नाही. १६ जानेवारी १९१३ रोजी तिसरे पत्र त्यांनी जी. एच्. हार्डी यांना धाडले. पत्रासोबत शंभराहून अधिक सिद्धांत होते. उपपत्ती एकाचीही नव्हती. हार्डींना प्रथम ही कोणा लबाडाची करामत वाटली. पण दिवसभर ती सूत्रे त्यांच्या मनातून जाईनात. रात्री आपले सहकारी लिट्लवुड यांना घेऊन ते पुन्हा बसले. मध्यरात्रीच्या आत दोघांचा निर्णय झाला की हा लेखक असामान्य प्रतिभेचा आहे. काही सूत्रे त्यांच्या ओळखीची होती, काही त्यांना कष्टाने सिद्ध करता आली, आणि काहींपुढे त्यांची बुद्धी थांबली. ती खरीच असली पाहिजेत, कारण असली सूत्रे खोटी रचण्याची कल्पनाशक्ती कोणापाशी असणार, असे हार्डींचे मत झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या पत्रातील सगळीच विधाने खरी नव्हती. दिलेल्या मर्यादेपर्यंत मूळ संख्या किती, हे सांगणाऱ्या सूत्राविषयी रामानुजनांनी जो अचूकपणाचा दावा केला होता, तो चुकीचा ठरला. सूत्र पुष्कळ जवळ जात होते, पण त्यातील चूक रामानुजनांना वाटली त्याहून फार मोठी होती. ज्या बुद्धीला इतरत्र सत्य साक्षात् दिसत होते, तीच बुद्धी येथे चकली, आणि आतून पाहता या दोन्ही प्रसंगी होणारी प्रतीती सारखीच होती. सत्याच्या दर्शनातून भ्रमाचे दर्शन वेगळे काढावयाचे तर उपपत्तीवाचून गत्यंतर नाही. हार्डींनी हे पहिल्याच पत्रोत्तरात जाणले आणि उपपत्ती मागितल्या. रामानुजनांच्या पुढील जीवनाचे मर्म या मागणीत आहे.

हार्डींनी त्यांना केंब्रिजला बोलाविले. परंतु समुद्रगमन धर्मास संमत नाही अशी घरची समजूत होती आणि रामानुजनांनी प्रथम नकार दिला. मद्रास विद्यापीठाने दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिल्याने पोटाची चिंता तेवढी मिटली. १९१४ च्या आरंभी केंब्रिजचे नेव्हिल मद्रासेत आले तोवर मात्र त्यांचे मन पालटले होते. नारायण अय्यरांसह ते नामक्कलला गेले होते आणि तीन रात्री देवळात निजून देवतेचा कौल मिळाल्यावर मग निघण्याचे ठरले, असे सांगतात. आईलाही स्वप्नात नामगिरीने मुलाच्या कार्याच्या आड न येण्याची आज्ञा केली, अशी आठवण घरात सांगितली जाई. १७ मार्च १९१४ रोजी ते नेवासा नावाच्या आगबोटीने निघाले. विलायतेत अन्नाचा व आचाराचा नेम मोडणार नाही, हा निश्चय त्यांनी सोबत नेला आणि अखेरपर्यंत पाळला.

केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात एकत्र आलेली ही जोडी विलक्षण होती. हार्डी ईश्वर न मानणारे. उपपत्ती हेच त्यांचे दैवत. रामानुजन आपल्या सूत्रांचे श्रेय नामगिरीस देणारे. ती स्वप्नात सूत्रे दाखविते असे ते स्नेह्यांना सांगत. शिष्याला आधुनिक गणिताचा बराच भाग ठाऊक नव्हता, तर गुरूला त्याच्यासारखी दृष्टी नव्हती. नियम शिकवावे तर प्रतिभा कोमेजेल, न शिकवावे तर ती आंधळी राहील, असा पेच हार्डींपुढे होता. त्यांनी शिकविले, पण लादले नाही. आणि आपण त्याला जितके शिकविले त्याहून अधिक त्याच्यापासून शिकलो, असे ते पुढे मोकळेपणाने सांगत.

या सहवासाचे श्रेष्ठ फळ म्हणजे विभाजनांविषयीचा सिद्धांत. प्रश्न दिसावयास लहान मुलाचा आहे. ४ ही संख्या किती प्रकारे फोडता येते? चार, तीन आणि एक, दोन आणि दोन, दोन, एक आणि एक, चारदा एक, असे ५ प्रकार होतात. संख्या वाढली की प्रकार अनावर वाढतात. १०० चे प्रकार १९,०५,६९,२९२ होतात, आणि २०० चे ३९,७२,९९,९०,२९,३८८. हे मोजण्यास थेट सूत्र असू शकेल असे कोणास वाटले नव्हते. रामानुजनांची दृष्टी आणि हार्डींचे विश्लेषण यांच्या संयोगाने १९१८ साली असे सूत्र प्रसिद्ध झाले. मॅकमाहन नावाच्या गणितज्ञांनी २०० ची संख्या स्वतंत्रपणे हाताने मोजून ठेविली होती. सूत्राचे उत्तर तिच्या इतके जवळ आले की जवळचा पूर्णांक घेताच तोच आकडा हाती यावा. यासाठी जी रीत त्यांनी योजिली, ती पुढे हार्डी, लिट्लवुड आणि रशियाचे विनोग्रादोव यांच्या हाती संख्यासिद्धांताचा राजमार्ग बनली.

त्याच विभाजनांत रामानुजनांनी एक नियम पाहिला. ४, ९, १४ अशा, अखेरीस चार किंवा नऊ अंक असलेल्या प्रत्येक संख्येच्या प्रकारांची मोजणी पाचाने निःशेष भागली जाते. ४ चे प्रकार ५, ९ चे ३०, १४ चे १३५. सात आणि अकरा या संख्यांविषयीही असेच नियम त्यांनी दिले. बेरजेच्या प्रश्नात गुणाकाराची ही गुप्त व्यवस्था कोठून आली, याचा शोध आजही चालू आहे. तत्पूर्वी १९१५ साली त्यांनी ज्यांना आपल्याहून लहान कोणत्याही संख्येपेक्षा अधिक भाजक आहेत अशा संख्यांवर दीर्घ निबंध लिहिला होता. १२, २४, ३६, ४८, ६० या त्यांतल्या. त्यावरच १९१६ मध्ये केंब्रिजने त्यांना पदवी दिली. ज्यास मायदेशी पदवीपरीक्षेच्या उंबरठ्याआतही पाय ठेवता आला नव्हता, त्यास ती संशोधनावर मिळाली.

परंतु या यशाबरोबर देह क्षीण होत होता. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. भाजीपाला दुर्मिळ झाला. रामानुजन स्वतः स्वयंपाक करीत, तोही वेळीअवेळी. गणितात रात्र जाई आणि जेवण राहून जाई. थंडीची सवय नव्हती. त्यात घरचे दुःख. सासू आणि सून यांचे पटत नव्हते. जानकीची पत्रे रामानुजनांपर्यंत पोहोचत नव्हती आणि त्यांची पत्रे तिच्यापर्यंत पोहोचत नव्हती. दोघेही समुद्राच्या दोन तीरांवर एकमेकांच्या मौनाचा अर्थ लावीत राहिले. १९१७ पासून त्यांचे दिवस रुग्णालयांत जाऊ लागले. १९१८ च्या आरंभी नैराश्याच्या भरात त्यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेच्या रुळांवर देह झोकून दिला. गाडी वेळेवर थांबली म्हणून प्राण वाचले. देवतेवर श्रद्धा असलेला आणि ज्ञानात रमलेला मनुष्यही एकाकीपणाने असा मोडू शकतो, हे त्यांच्या चरित्रातून वगळणे योग्य होणार नाही. अशा जीवास उपदेशापेक्षा आपल्या माणसाच्या एका पत्राची गरज अधिक असते.

सन्मान आले ते याच वर्षी. मे १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १८४१ साली निवडलेले मुंबईचे आर्देशीर कर्सेटजी यांच्यानंतर हा मान मिळविणारे ते दुसरे भारतीय. ऑक्टोबरमध्ये ट्रिनिटीने त्यांना आपले फेलो केले. तेथे तो मान कोणा भारतीयास प्रथमच मिळत होता. पटनी येथे ते रुग्णशय्येवर असताना हार्डी भेटीस गेले आणि आपण आलो त्या गाडीचा क्रमांक १७२९ नीरस वाटतो, असे सहज म्हणाले. रामानुजन उत्तरले की ती संख्या फार मनोरंजक आहे. दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगळ्या रीतींनी मांडता येणाऱ्या संख्यांत ती सर्वांत लहान. १ चा घन आणि १२ चा घन, तसेच ९ चा घन आणि १० चा घन, दोन्ही बेरजा १७२९ होतात. हा क्षणात घडलेला चमत्कार नव्हता. या घनांची गाठ त्यांना आधीच्या चिंतनात पडली होती. ज्याने संख्यांना स्नेही मानले, त्याला स्नेह्याचे नाव आठवावे लागत नाही.

याच सुमारास मद्रास विद्यापीठाने त्यांना वर्षास २५० पौंड देण्याचे ठरविले. जानेवारी १९१९ मध्ये रामानुजनांनी विद्यापीठाला कळविले की ही रक्कम आपल्या गरजेहून अधिक आहे. आईवडिलांना वर्षाचे ५० पौंड देऊन व आपला आवश्यक खर्च भागवून जे उरेल, ते गरीब आणि अनाथ मुलांची फी व पुस्तके यांसाठी लावावे. वहीसाठी कागद न परवडलेल्या मुलाने, थोरपणाच्या शिखरावर आणि मृत्यूच्या छायेत असताना लिहिलेले हे पत्र आहे. फलाविषयीची निरासक्ती म्हणतात ती याहून वेगळी नसावी.

२७ मार्च १९१९ रोजी त्यांची आगबोट मुंबई बंदराला लागली. आई व भाऊ उतरवून घ्यावयास आले होते. डोळे जिला शोधीत होते ती जानकी आली नव्हती. ती पुढे मद्रासेत येऊन मिळाली आणि त्यांच्या शेवटच्या वर्षातील शुश्रूषा तिने केली. शरीर अस्थिपंजर झाले होते, पण पाटी सुटली नव्हती. जानेवारी १९२० मध्ये त्यांनी हार्डींना शेवटचे पत्र लिहिले. प्रकृतीचे रडगाणे त्यात नव्हते. एका नव्याच जातीच्या फलनांची १७ उदाहरणे होती आणि त्यांना दिलेले एक नाव, आभासी थीटा फलने. पुढेही अंथरुणावर पडल्या पडल्या, मृत्यूच्या चार दिवस आधीपर्यंत, ते लिहीत होते असे जानकी सांगत असे. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासच्या चेटपट भागात त्यांचा अंत झाला. तेव्हा निदान क्षयाचे होते. पुढील काळातील वैद्यक अभ्यासकांना आमांशाने यकृतात झालेला विकार अधिक संभवनीय वाटतो, आणि तो तेव्हाही उपचारांनी बरा होण्याजोगा होता.

समुद्र ओलांडल्याबद्दलचे प्रायश्चित्त आजारामुळे राहून गेले होते. त्या कारणाने अनेक आप्त अंत्ययात्रेस आले नाहीत. ज्याने परदेशातील थंडीत आणि युद्धात आपला आचार सांभाळला, त्याच्या वाट्यास ही उपेक्षा यावी, याचा विचार आचारनिष्ठांनीच अधिक करावयास हवा. जानकी विसाव्या वर्षाच्या आसपास विधवा झाली. काही वर्षे मुंबईस भावाकडे राहून ती शिवणकाम शिकली, मग मद्रासेत परतून त्याच कष्टावर तिने संसार चालविला आणि एका पोरक्या मुलास वाढविले. १९९४ साली तिचे निधन झाले. पतीचा पुतळा व्हावा ही तिची इच्छा अखेर जगभरच्या गणितज्ञांनी वर्गणी काढून पुरी केली.

राहिल्या त्या वह्या; त्यांचे भाष्य सुरू झाले. १९२७ साली निबंधसंग्रह निघाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ मध्ये वह्यांची हुबेहूब प्रत छापली. शेवटच्या वर्षातील सुटे कागद हार्डींकडून वॉटसन यांच्याकडे आणि तेथून ट्रिनिटीच्या ग्रंथालयात जाऊन पडले होते. ते १९७६ साली अमेरिकेचे अँड्र्यूज यांना सापडले. ब्रूस बर्न्ट यांनी वह्यांतील सूत्रांना उपपत्ती देण्यास अनेक वर्षे वेचली. त्यांचे पाच खंड १९८५ ते १९९८ या काळात निघाले. चुकीची सूत्रे त्यांत अगदी थोडी निघाली.

१९१६ च्या एका निबंधात रामानुजनांनी एका अनंत गुणाकारातून निघणाऱ्या संख्यांविषयी तीन अनुमाने केली होती. त्यांतील दोन मॉर्डेल यांनी दुसऱ्याच वर्षी सिद्ध केली. तिसऱ्यासाठी १९७४ पर्यंत थांबावे लागले आणि देलिन्य यांना त्यासाठी विसाव्या शतकातील अत्यंत गहन गणित वापरावे लागले. त्याच अनुमानाच्या आधारे १९८८ मध्ये दळणवळणाची जाळी कमीत कमी धाग्यांत घट्ट विणण्याच्या रचना निघाल्या; त्यांना रामानुजनांचेच नाव आहे. अंथरुणावर लिहिलेल्या त्या १७ उदाहरणांमागील तत्त्व हॉलंडच्या झ्वेगर्स यांनी २००२ साली उलगडले, आणि आता कृष्णविवरांचा विचार करणारे पदार्थशास्त्रज्ञही ती फलने वापरतात. २०१२ पासून भारतात २२ डिसेंबर हा राष्ट्रीय गणितदिन म्हणून पाळला जातो.

या चरित्रातून कोणी एवढेच घेऊ नये की देवता स्वप्नात येते आणि सूत्र सांगून जाते. स्वप्नाआधी पाटीवरील सहस्रावधी प्रयत्न होते, आणि स्वप्नानंतर केंब्रिजमधील कठोर परीक्षा होती. त्याचप्रमाणे कोणी असेही मानू नये की उपपत्ती हेच सारे गणित. हार्डींपाशी उपपत्तीचे सारे सामर्थ्य होते, तरी ती सूत्रे त्यांना दिसली नव्हती. रामानुजनांनी आपल्याला दिसलेले सत्य स्वतःचे म्हणून कवटाळले नाही आणि परीक्षेस उभे करण्यातही कमीपणा मानला नाही. हार्डींनी आपली श्रद्धा त्यांच्यावर लादली नाही, त्यांच्या श्रद्धेची थट्टाही केली नाही, आणि रामानुजनांचा शोध हेच आपले गणितातील सर्वांत मोठे कार्य मानले. ज्ञान असेच वाढते. जो पाहतो त्याने नम्रपणे दाखवावे, जो तपासतो त्याने निर्मत्सरपणे तपासावे. आणि ज्यांच्या घरी असा मनुष्य जन्मास येतो, त्यांनी त्याच्या भुकेची, एकाकीपणाची आणि त्याच्या माणसांची काळजी वेळीच घ्यावी.